तार तुटून माणूस गेला तर

पावसाळा लागला की वादळवाऱ्याने विजेच्या तारा तुटून शेतात पडतात. वैरणीला किंवा मोटार चालू करायला गेलेला घरधनी परत येत नाही, हे आपल्या गावांना नवे नाही. अशा घरी गेलो की आम्हाला हमखास ऐकायला मिळते, "फादर, कोर्टकचेरी करून माणूस परत येणार आहे का?" येणार नाही, हे खरे. पण मागे राहिलेल्यांच्या पोटाचा विचार कायद्याने केलेला आहे.

प्रथम, दफनाची घाई करू नये. पोलिसांत वर्दी, पंचनामा व शवविच्छेदन झाल्याखेरीज आम्ही अंत्यविधीची वेळ ठरवीत नाही. काहींनी यावर नाके मुरडली, मुरडू देत. वीज बंद झाल्याशिवाय कोणी तारेजवळ जाऊ नये, मात्र ती उचलण्यापूर्वी लांबून फोटो घ्यावा. विद्युत निरीक्षकाने चौकशी केली असल्यास अहवालाची नक्कल मागावी.

"वाऱ्याने तुटली, आमचा काय दोष?" असे उत्तर मिळते. 1997 साली मध्य प्रदेशात रात्री सायकलवरून घरी परतणारा एक कामगार रस्त्यावर पडलेल्या तारेने दगावला. कोणीतरी चोरून वीज घेत होते, असा मध्य प्रदेश वीज मंडळाचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली तो फेटाळला. इतकी धोक्याची वस्तू जो खेळवतो, त्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी भरपाई त्यानेच द्यायची.

1855 च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली पत्नी, पती, आईवडील व मुले यांच्यासाठी दावा करता येतो. मुदत मृत्यूपासून 2 वर्षे. वाहनाच्या अपघाताचा अर्ज वेगळ्या न्यायाधिकरणाकडे जातो. तो 6 महिन्यांच्या आत करावा. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तरी मृताच्या वारसांना 2 लाख रुपयांची तरतूद आहे.

भरपाई मृताच्या मिळकतीवरून ठरते, आणि इथेच शेतकरी मार खातो. त्याच्याकडे पगारपत्रक कुठले? म्हणून उसाची बिले, डेअरीचे पासबुक, जमिनीचा उतारा, वयाचा दाखला एका पिशवीत जपून ठेवावेत.

वकिलाच्या फीची धास्ती विधवा भगिनींनी बाळगू नये. 1987 च्या कायद्याने स्त्रीला, तिची मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळतो; तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज द्यावा. लोकअदालतीत तडजोड झाली तर त्यावर अपील नाही, तेव्हा आकडा वकिलाला विचारूनच मान्य करावा. आणि तेराव्याच्या आत हजार-दोन हजार घेऊन कोणी दारात आला, तर कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये.