न मोजलेल्यांची मोजदाद



गिरणीच्या फाटकावर केवळ पहिल्या पाळीची डोकी मोजली आणि रात्रपाळीवाले व बदलीवाले सोडून दिले, तर मोजलेला आकडा खोटा नसतो. पण ‘गिरणीत एवढेच कामगार आहेत’ हा निष्कर्ष खोटा ठरतो. पूर्वी पृथ्वीवर किती जातींचे प्राणी होते हे सांगू पाहणाऱ्या जीवाश्मशास्त्रापुढे हाच पेच आहे.

समुद्री प्राण्यांच्या जाती काळाबरोबर वाढत गेल्या, असे जीवाश्मांच्या याद्यांवरून दिसे. १९७२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड राऊप यांनी शंका घेतली: अलीकडचे खडक अधिक शिल्लक आहेत, मग वाढल्या त्या जाती, की तपासायला मिळालेले खडक?

काळाचा तसाच जागेचाही प्रश्न आहे. लहान रानापेक्षा मोठ्या रानात जाती अधिक सापडतात. एका कालखंडाचे जीवाश्म चार खंडांतून आले आणि दुसऱ्याचे एकाच कोपऱ्यातून, तर पहिला काळ आपोआप समृद्ध दिसू लागतो. रॉजर क्लोज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली जमिनीवरील चतुष्पाद प्राण्यांची तुलना सारख्या विस्ताराचे प्रदेश घेऊन केली, तेव्हा डायनोसॉरच्या युगात दिसणारी मोठी वाढ बव्हंशी ओसरली.

आपल्या पायाखालची जमीनच पाहा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि दख्खनचा जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश आजही त्या कातळाखाली आहे. त्याखालचे जुने थर सहसा दृष्टीस पडत नाहीत. दोन थरांमधल्या तळ्यांच्या गाळात मात्र जीवाश्म मिळतात. नागपूरजवळच्या टाकळीला एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप यांना ते मिळाले. तेव्हा जेथे कातळ आहे तेथे जीव नव्हते, असे मानणे चूक होय.

निसर्गाने झाकले ते वेगळे, आणि माणसाने पाहिलेच नाही ते वेगळे. १९९० ते २०२० या काळातील जीवाश्म-माहितीत ९७ टक्के भर श्रीमंत व उच्च-मध्यम उत्पन्नाच्या देशांतील संशोधकांची आहे, असे एका पाहणीत आढळले. ज्यांच्याकडे पैसा, त्यांनी निवडलेल्या जागा खणल्या गेल्या.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. आजचा जीवसंहार किती भयंकर, हे आपण भूतकाळाशी ताडून ठरवतो. तो ताळा चोख हवा, तर गणित सुधारावेच, पण न पाहिलेल्या प्रदेशांत तिथल्याच तरुणांच्या हाती हातोडी आणि प्रयोगशाळाही द्यावी.