कापूस आमचा, चादर दुसऱ्याची

अहमदनगर जिल्ह्यास २०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळाले. ज्या अहिल्याबाईंचे हे नाव, त्यांनी महेश्वरी बाहेरगावचे विणकर आणून वसविले व तेथील साडीस नावलौकिक मिळवून दिला. नामांतराचा उत्सव करणाऱ्यांना त्यांच्या चरित्रातील हे प्रकरण फारसे आठवलेले दिसत नाही.

याच जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात तिसगाव आहे. भोवतालच्या रानात कापूस पिकतो. तो गाठी बांधून बाहेर जातो आणि चादर, पडदा, उशीचा अभ्रा होऊन बाजारात परत येतो. तेव्हा घरगुती वस्त्रांच्या लहान कारखान्यांचा समूह येथेच का उभा करू नये?

अवश्य करावा, परंतु त्याचा आरंभ मागापासून करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. रंगाईस पाणी लागते, आणि हा मुलूख अवर्षणाचा. कापड इचलकरंजीहून वा सोलापुराहून आणावे. कापणे, शिवणे, भरणे तिसगावी व्हावे. ज्या घरांतून जुन्या लुगड्यांची गोधडी पिढ्यान्‌पिढ्या शिवली जाते, तेथे सुईचे शिक्षण मुळापासून द्यावे लागणार नाही.

खरी अडचण पैशाच्या वेळेची आहे. पाथर्डी हा ऊसतोडणी कामगारांचा तालुका. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, आणि हंगामापूर्वीच मुकादमाकडून त्याची उचल घेतली जाते. त्या रकमेवर घरचे लग्न, दुखणे, जुने देणे भागते; आणि मग मुलांची शाळा बुडवून बिऱ्हाड हलते. नगावर मजुरी देणारा, तीही माल खपल्यावर देणारा कारखाना या उचलीपुढे कसा टिकेल? सरकारच्या समूह-योजनांचा, २००५ सालच्या ‘स्फूर्ती’चा काय किंवा लघुउद्योगांसाठीच्या योजनेचा काय, भर सामाईक इमारत व यंत्रे यांवर असतो. खेळते भांडवल ज्याने त्याने शोधावयाचे! मग उद्घाटनाची शिला तेवढी शाबूत राहते.

नावाचे रक्षण हाही प्रश्न आहेच. सोलापुरी चादरीस भौगोलिक मानांकन आहे, तरी पानिपतची चादर तिच्या नावावर खपते, ही तेथील कारखानदारांची जुनी तक्रार. तिसगावच्या मालास आधी नाव मिळू द्या, त्याची चोरी हा पुढचा विचार.

तूर्त पहिले गिऱ्हाईक सरकारनेच व्हावे. रुग्णालयांस व वसतिगृहांस चादरी लागतातच. त्यांतील काही खरेदी येथील शिवणाऱ्या स्त्रियांसाठी राखून ठेवून तिची आगाऊ रक्कम दसऱ्यापूर्वी, म्हणजे मुकादम दारी येण्याआधी, त्यांच्या हाती पडेल काय, याचे उत्तर जिल्हा नियोजन समितीने द्यावे.