परवान्याचें पिस्तूल व त्याचा मान

ता. २ फेब्रुवारी २०२४ रोजीं रात्रीं उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यांत, वरिष्ठ निरीक्षकांच्याच दालनांत, गोळ्या सुटल्या. कल्याण पूर्वचे तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनीं शिंदे यांच्या शिवसेनेचे शहरप्रमुख महेश गायकवाड यांजवर गोळीबार केला असा आरोप आहे. द्वारली येथील जमिनीचा वाद हें त्याचें मूळ. गोळ्या झाडल्याचें आमदारांनीं स्वतःच एका वृत्तवाहिनीस दूरध्वनीवरून सांगितलें. महेश गायकवाड व त्यांचे एक सहकारी जबर जखमी झाले, पण बचावले. दोष कोणाचा व किती हें न्यायालय ठरवील. त्याविषयीं आम्हांस अधिक लिहावयाचें नाहीं. आमचें लक्ष निराळ्याच गोष्टीकडे आहे. तें पिस्तूल चोरीचें नव्हतें, परवान्याचें होतें.

विठ्ठलवाडी, उल्हासनगर, कल्याण हा सारा टापू व्यापाऱ्यांचा. फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या सिंधी बांधवांनीं लष्कराच्या जुन्या छावणींत बाजारपेठ उभी केली, आणि रोकड जेथें खेळते तेथें भयही असतें. रात्रीं दुकान मिटवून घरीं जाणाऱ्या सराफास आपल्या कमरेला हत्यार असावें असें वाटलें, तर त्यास हंसण्याचें कारण नाहीं. परंतु ही मंडळी परवान्याचा अर्ज करितात तेव्हां त्यांना खरोखर काय हवें असतें? रक्षण कीं मान? परवाना मिळाला म्हणजे पेढे वाटणारे लोक आमच्या पाहण्यांत आहेत. लग्नाच्या वरातींत कमरेवरचा सदरा मुद्दाम वर सरकवून चालणारे तर पुष्कळ आहेत. चोरास दिसूं नये म्हणून तिजोरी भिंतींत बसवितात. पिस्तूल मात्र शेजाऱ्यास दिसावें म्हणून बाळगतात!

या मानाची वंशावळ पाहण्यासारखी आहे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें लॉर्ड लिटनच्या राजवटींत सर्व हिंदी प्रजा निःशस्त्र झाली आणि युरोपियनांस मात्र मोकळीक राहिली. ज्या एखाद्या इनामदारास वा रावसाहेबास परवाना मिळे, तो सरकारच्या मर्जींतला समजला जाई. हा अपमान आमच्या पुढाऱ्यांस इतका झोंबला कीं १९३१ च्या कराची काँग्रेसनें मूलभूत हक्कांच्या ठरावांत नियमांस अनुसरून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. पुढें राज्यघटनेंत मात्र तो हक्क आला नाहीं, आणि १९५९ च्या नव्या कायद्यानेंही परवान्याची अट कायम ठेविली. आमच्या मतें तें योग्यच झालें. खेदाची गोष्ट एवढीच कीं साहेब गेला तरी साहेबाच्या मर्जीचा डौल गेला नाहीं. परवाना म्हणजे वजन, वजन म्हणजे वशिला, हें समीकरण बाजारांत अद्याप चालतें. वास्तविक केवळ पुरेशी मालमत्ता नाहीं म्हणून कोणास परवाना नाकारतां येणार नाहीं, असें त्याच कायद्याचें कलम १४ सांगतें. पण हमालास वा भाजीवाल्यास हें कलम कोणी वाचून दाखविलें आहे काय?

आतां ज्यानें हौसेनें परवाना घेतला, त्याच्या वाट्यास काय येतें तें पहा. ठाणें, कल्याण, उल्हासनगर येथें परवाना देणारे ठाण्याचे पोलीस आयुक्त. तो परवाना ज्या प्रदेशापुरता असेल त्याची शीव ओलांडली कीं पिस्तूल बेकायदा होतें. वापीस मुलीच्या सासरीं निघालेल्या गृहस्थानें आधीं आपल्या परवान्यावरील शब्द वाचावे हें बरें. विमानानें जावयाचें तर हत्यार रिकामें करून, तसें सांगून, सामानांत टाकावें लागतें. जवळ ठेवतां येत नाहीं. दीर्घकाळ परगांवीं जावयाचें तर तें पोलीस ठाण्यांत वा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवून जावें. राहतें घर बदललें तर नव्या ठिकाणच्या अधिकाऱ्यांस कळवावें. निवडणुका आल्या कीं हत्यार जमा करण्याच्या नोटिसा निघतात; मात्र सरसकट सर्वांकडून तीं ओढून घेणें बरोबर नाहीं, छाननी समितीनें प्रत्येकाचा विचार करावा, असें मुंबई उच्च न्यायालयानें २००९ सालीं ठरविलें. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसाजवळच्या हत्यारांची संख्या तिनावरून दोनावर आली, आणि आनंदाप्रीत्यर्थ बेफिकीर गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. वरातवाल्यांनीं ही ओळ दोनदा वाचावी.

हें सारें धनिकांचें झालें. परंतु परवाना हें ज्याचें पोट आहे अशा माणसाचा विचार आमचे वाचक क्वचितच करितात. पेढीच्या दारांत किंवा रोकड नेणाऱ्या गाडींत बंदूक घेऊन बसलेला रखवालदार बहुधा परप्रांतीय असतो. बंदूक त्याची, परवाना त्याचा, आणि त्याच्या बळावर साध्या चौकीदाराहून त्यास पगार थोडा अधिक. परवान्याची मुदत सरली कीं नोकरी सरली. बनावट परवान्यांचा धंदा याच गरजेवर पोसला जातो. जम्मू-काश्मीरमध्यें २०१२ ते २०१६ या काळांत अपात्रांस दिल्या गेलेल्या परवान्यांची केंद्रीय अन्वेषण विभागानें चौकशी केली, तेव्हां संख्या दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजारांच्या घरांत असल्याचें सांगण्यांत आलें.

याच फेब्रुवारी २०२४ च्या ८ तारखेस दहिसर येथें अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला, तोही अशाच एका खासगी अंगरक्षकाच्या पिस्तुलानें. गोळ्या झाडणाऱ्यानें नंतर स्वतःसही मारून घेतलें. मागें राहिला तो पगारी नोकर, आणि अटक झाली ती त्याला. ज्या नोकरीस स्वतःचें हत्यार घेऊन यावें लागतें, त्या नोकरींत धन्याची जबाबदारी किती सोयीनें नाहींशी होते पहा! आमची सूचना अशी कीं ज्या पेढ्यांस व कंपन्यांस बंदूकधारी हवा, त्यांनीं परवाना आपल्या नांवें घ्यावा, हाताळणाऱ्या नोकराचें नांव त्यावर नोंदवावें, त्याचें शिक्षण आपल्या खर्चानें करावें, आणि हत्यार रात्रीं पेढीच्या कपाटांत राहावें. नियमांत याची सोय आहे. अडचण फक्त खर्चाची आहे.

अधिकाऱ्यांसही दोन शब्द. डिसेंबर २०२४ मध्यें बीड जिल्ह्यांत मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा निर्घृण खून झाल्यावर लोकांस कळलें कीं एकट्या त्या जिल्ह्यांत बाराशेंहून अधिक परवाने आहेत. मग तपासणी झाली आणि अनेक परवाने रद्द करण्यांत आले. म्हणजे तपासणी करतां येत होती! परवान्याची मुदत आतां पांच वर्षांची आहे. नूतनीकरणाच्या वेळीं शुल्काची पावती फाडण्यापूर्वीं ठाणें आयुक्तालयानें एवढेंच विचारावें: ज्या धमकीचा दाखला देऊन आपण हत्यार मागितलें, ती धमकी अद्याप आहे काय? आपणांवर मध्यंतरीं गुन्हा नोंदला काय? जमिनीच्या कोणत्या वादांत आपण पक्षकार आहां? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर या टापूंत, जेथें गुंठ्यागुंठ्यावर इमारती उठत आहेत, पहिल्या दोहोंपेक्षां अधिक महत्त्वाचें ठरेल.