छत्रातले तीन महिने

१८०१ साली तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी कंपनी सरकारच्या रेसिडेंटला, बेंजामिन टॉरिनला, एक पत्र लिहिले. विषय होता राज्यातली छत्रे, म्हणजे रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी उभारलेल्या धर्मशाळा. कंपनीने मुलूख ताब्यात घेतला तरी छत्रांच्या नेमणुकीला हात लावू नये, ही राजांची विनवणी होती. म्हणून छत्रात काय काय चालते ते त्यांनी सविस्तर सांगितले. कुठल्याही जातीचा वाटसरू आला तरी त्याला जेवण मिळते, लेकरांना दूध मिळते, आजाऱ्याला वैद्य मिळतो. गरोदर बाई आली तर तिची मायेने काळजी घेतली जाते. ती तिथेच बाळंत झाली तर तिचा खर्च आणि औषधपाणी छत्राकडे, आणि बाळंतपणानंतर तीन महिने तिला तिथे राहण्याची मुभा असते.

ते तीन महिने माझ्या मनातून जात नाहीत. मराठी माणूस तंजावरला जातो तो बृहदीश्वराच्या भिंतीवरचा १८०३ सालचा भोसले वंशाचा शिलालेख पाहायला आणि सरस्वती महालातल्या पोथ्या पाहायला. जायलाच हवे. पण तंजावरच्या दक्षिणेला पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर ओरत्तनाडू नावाचे गाव आहे. सरफोजींनी आपल्या लाडक्या मुक्तांबाळच्या नावाने बांधलेले छत्र तिथे आहे. परमुलखातल्या, ओळखपाळख नसलेल्या बाळंतिणीलाही तीन महिने निवारा देणाऱ्या व्यवस्थेची ही खूण. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या गावांत आज बाळंतपण कसे होते, हे मी त्या छत्राच्या मापाने मोजणार आहे.

या मुलखात कावेरीचे पाणी वेण्णार, वेट्टार, कोळ्ळिडम अशा फाट्यांतून फुटत समुद्राकडे जाते. १२ जूनला मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडले की कुरुवै भाताची घाई सुरू होते, पाठोपाठ सांबा भाताची. लावणी करतात बायका, गुडघाभर चिखलात, कंबरेत वाकून. जमीन वर्षानुवर्षे मिरासदारांची आणि राबणाऱ्या बहुतेक दलित. १९६८ च्या डिसेंबरात किळवेण्मणीला मजुरीच्या वादातून झोपडीत कोंडून जाळले गेले त्यांत बायका-मुलेच अधिक होती. ते गाव तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातलेच. या बायकांची बाळंतपणे पिढ्यान्‌पिढ्या झोपडीत झाली, मरुत्तुवच्चीच्या हातून. मरुत्तुवच्ची म्हणजे आपली सुईण. ती बहुधा न्हाव्याच्या घरातली असे. मोबदल्यात तिला धान्य मिळे, आणि विटाळाचे काम करणारी म्हणून अंतरावरही ठेवले जाई.

सुईण आणि देवी, असे दोनच आधार होते. पापनाशम तालुक्यात वेट्टारच्या काठी तिरुक्करुगावूर आहे. तिथल्या देवीचे नाव गर्भरक्षांबिका. मूल हवे असलेल्या बाईला देवीपुढचे तूप देतात आणि दिवस भरत आलेल्या बाईला एरंडेल तेल, पोटावर हलके चोळायला. आजही तिथे लांबलांबून जोडपी येतात. आपण पाचवीला सटवाई पुजतो, डोहाळजेवणात ओटी भरतो, त्याच जातीची ही भीती आणि हीच आशा. बाळंतपणात बाई दगावते हे ठाऊक असलेल्या समाजाने केलेली ही प्रार्थना आहे.

आता आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, तमिळनाडूतली ९९.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. शेतमजुराच्या झोपडीतली सूनही आता दवाखान्यातच बाळंत होते, आणि तीनांतल्या सुमारे दोन बायका सरकारी दवाखान्यात. हे आपोआप झाले नाही, आणि निव्वळ पैशानेही झाले नाही.

मद्रास प्रांताने सार्वजनिक आरोग्याचा कायदा १९३९ सालीच केला. रोग्यावर उपचार करणारे खाते निराळे आणि रोग होऊ नये म्हणून झटणारे खाते निराळे, ही रचना तमिळनाडूने टिकवली. १९९० च्या दशकात औषध खरेदीसाठी सरकारी महामंडळ उभे राहिले आणि गावच्या केंद्रात कळा वाढवणारे किंवा रक्तस्राव थांबवणारे इंजेक्शन हमखास मिळू लागले. त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रांत एकाऐवजी तीन परिचारिका नेमल्या गेल्या. माझ्या मते खरा पालट इथे झाला. कळा घड्याळ पाहून येत नाहीत. रात्री दोन वाजता केंद्राला कुलूप दिसले की बाई दुसऱ्या खेपेला तिकडे फिरकत नाही. तिघी आळीपाळीने असल्या की दिवा जळत राहतो, आणि जळता दिवा दिसला की गावाचा विश्वास बसतो. २००८ पासून १०८ ची गाडी आली. उपकेंद्रातली ग्राम आरोग्य परिचारिका, गावकऱ्यांची ‘नर्सअम्मा’, घरोघर फिरून दिवस राहिल्याची नोंद करते. त्या नोंदीच्या क्रमांकाशिवाय पुढे बाळाच्या जन्मदाखल्याचे अडते.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्राने मन लावून पाहावी अशी आहे. १९९० च्या दशकापासून तमिळनाडू प्रत्येक मातामृत्यूची चौकशी करते. बाई कुठून निघाली, कुठे थांबली, रक्त केव्हा मिळाले, कोणी कुठे पुढे धाडले, हे सगळे तपासले जाते. जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या बैठकीत मृत बाईच्या घरच्यांनाही बोलावतात. ‘नशीब तिचे’ म्हणून विषय संपवायची सोय या बैठकीने काढून घेतली.

गरिबाघरच्या बाळंतिणीसाठी डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची योजना आहे. मुत्तुलक्ष्मी शेजारच्या पुदुक्कोट्टैच्या. त्यांची आई देवदासी समाजातली. मद्रासला वैद्यकीची पदवी घेतलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक, आणि पुढे कायदेमंडळात बसून त्यांनी देवदासी प्रथेविरुद्ध लढा दिला. १९८७ साली अगदी थोड्या रकमेने सुरू झालेली ही मदत २०१८ मध्ये १८ हजारांवर गेली: १४ हजार हप्त्याहप्त्याने रोख, बाकीचे पौष्टिक आहाराच्या दोन पेट्यांच्या रूपात. अंगणवाड्यांमार्फत सरकार सामुदायिक वळैकाप्पुही करते. वळैकाप्पु म्हणजे गरोदर बाईच्या हातात बांगड्या भरण्याचा सोहळा. घरी ज्यांचा सोहळा कोणी केला नसता अशा बायका एका रांगेत बसतात, कपाळी कुंकू, हातभर बांगड्या. सरकारी पैशाचा याहून चांगला विनियोग मला सुचत नाही.

आपण कुठे आहोत? नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८ ते २०२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावल्या, तमिळनाडूत ५४, महाराष्ट्रात ३३, केरळात १९. म्हणजे त्या काळात सरासरीत आपण तमिळनाडूच्या पुढे होतो, आणि हे मोठ्या मनाने सांगितले पाहिजे. पण आपल्या सरासरीआड मेळघाट, अक्कलकुवा, भामरागड लपतात. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांना गडचिरोलीत गावच्या बायकांनाच नवजात बाळाची शुश्रूषा शिकवावी लागली, कारण दवाखाना त्या बाळापर्यंत पोहोचत नव्हता. त्रिभुज प्रदेश सपाट आहे, रस्ते दाट आहेत, तिथला प्रश्न पोहोचण्याचा उरलेला नाही. पोहोचल्यावर काय होते, हा तिथला आजचा प्रश्न आहे.

पोहोचल्यावर अनेकदा पोट कापले जाते. त्याच पाचव्या पाहणीत तमिळनाडूतली ४४.९ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झालेली आढळली. खासगीत ६३.८ टक्के, सरकारीत ३६. महाराष्ट्राचा आकडा २५.४. दहा टक्क्यांच्या वर सिझेरियन गेल्याने माता किंवा बाळांचे मृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. खासगी दवाखान्यांचा पैशाचा हिशेब यामागे आहेच. पण नफा नसलेल्या सरकारी दवाखान्यात ३६ टक्के का? माझे उत्तर असे: ज्या चौकशीने जीव वाचवले, तिनेच धास्तीही पेरली. गावच्या केंद्रातली परिचारिका जरा रक्तदाब वाढला, जरा बाळ आडवे वाटले की जोखीम घेत नाही, बाईला पुढे धाडते. पुढचा दवाखानाही तसेच करतो. मग सगळी गर्दी तंजावर शहरातल्या राजा मिरासदार रुग्णालयावर पडते. एकोणिसाव्या शतकात राजेरजवाडे आणि मिरासदारांच्या देणग्यांतून उभे राहिलेले हे इस्पितळ आज वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रसूती आणि बालरोग विभाग सांभाळते, आणि आसपासच्या जिल्ह्यांतूनही बायका तिथे येतात. खाट रिकामी करायची घाई, बारा-पंधरा तास कळांपाशी बसायला माणूस नाही, आणि चूक झाली तर जाब द्यायचा. अशा ठिकाणी सुरी लवकर उचलली जाते. त्यात नक्षत्र पाहून वेळ ठरवणारे नातेवाईकही आहेतच. एकदा कापलेले पोट पुढच्या खेपेला बहुधा पुन्हा कापले जाते, आणि कंबरेत वाकून लावणी करणाऱ्या बाईला त्या टाक्यांचा हिशेब आयुष्यभर चुकवावा लागतो.

दुसरी गोष्ट वागणुकीची. सेसिलिया व्हॅन हॉलन या अमेरिकी अभ्यासिकेने १९९० च्या दशकात तमिळनाडूतल्या बाळंतपणांवर मोठे संशोधन केले. तिचे पुस्तक २००३ मध्ये आले. गरीब बायका आधुनिक उपचारांना नाही म्हणत नव्हत्या, कळा वाढवणारी इंजेक्शने तर मागून घेत होत्या. त्यांना सलत होती ती प्रसूतिकक्षातली अरेरावी, लाच आणि न विचारता बसवलेली तांबी. तेव्हापासून पुष्कळ सुधारले आहे. कळा देताना बाईपाशी तिची आई किंवा सासू बसू शकते, हे तमिळनाडूने इतरांच्या आधी मान्य केले. पण विचारून करणे ही सवय एका आदेशाने लागत नाही. आनंदीबाई जोशींनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी घेताना प्रबंधासाठी विषय निवडला होता हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षी झालेले आणि दहा दिवसांत गेलेले स्वतःचे बाळ त्या विसरल्या नसणार. रोग्याच्या जागी बसून पाहिलेल्या अशा डॉक्टरांची आणि परिचारिकांची आज गरज आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये दीड वर्षाचे प्रशिक्षण घेतलेल्या प्रसविकांचे धोरण आखले. तेलंगणाने त्याआधीच सुरुवात केली होती. निरोगी बाईचे बाळंतपण धीराने पार पाडणारी, गरज पडली तरच डॉक्टरला हाक मारणारी ही प्रसविका तमिळनाडूच्या मोठ्या इस्पितळांत भरपूर संख्येने आली तर सिझेरियनचा आकडा उतरेल, असे मला वाटते.

पुढच्या काळाची एक चाहूल उन्हातून येते आहे. या भागात नव्या जोडप्याला आडी महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, वेगळे ठेवतात. मुलगी माहेरी जाते. मूल चित्तिरैत, ऐन उन्हाळ्यात, जन्मू नये हा त्यातला जुना हिशेब. आता तो हिशेब अपुरा पडतो. तमिळनाडूतल्या ८०० गरोदर बायकांचा चेन्नईच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. उन्हातान्हात, तापलेल्या जागी काम करणाऱ्यांना गर्भपात किंवा मृत बाळ जन्मण्याचा धोका दुप्पट आढळला. शेतात राबणाऱ्या बाईला गरोदरपणात सावलीची आणि भरपगारी सुटीची गरज आहे, हे आता सहानुभूतीचे बोलणे राहिलेले नाही.

दुसरी चाहूल पाळणे कमी होण्याची. तमिळनाडूचा जननदर २०२० मध्ये १.४ वर आला. मार्च २०२५ मध्ये नागपट्टिनमला, याच त्रिभुज प्रदेशात, मुख्यमंत्री स्टालिन यांनी लोकसभेच्या जागा घटण्याच्या भीतीने नवविवाहितांना लवकर मुले होऊ द्या असे सांगितले. काल ‘एक-दोन पुरे’ आणि आज ‘लवकर हवे’. दोन्ही वेळा बाईच्या पोटाचा हिशेब दुसऱ्याने मांडला. मूल हवे असेल तर आधी बाळंतिणीचे पुढचे दिवस सोपे करा.

आणि इथे मी छत्राकडे परत येते. आज साधे बाळंतपण झालेली बाई दोन-तीन दिवसांत घरी जाते. तिथे माहेर तिला सांभाळते. आपल्याकडे अळीव, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि शेक-शेगडी, तिकडे लसूण घातलेले पत्तियम्‌चे, म्हणजे पथ्याचे, जेवण आणि सुंठीचे प्रसवलेह्य. ज्यांना माहेर आहे त्यांचे भागते. मातृत्व लाभाचा कायदा १९६१ चा. २०१७ मध्ये त्यात २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली, पण ती पगारदार बाईला. भात लावणाऱ्या बाईच्या वाट्याला १८ हजार येतात, तेही अटी पाळून आणि पहिल्या दोन बाळंतपणांपुरते. बीडची ऊसतोड करणारी बाई तर बाळ पाठीशी बांधून कोयता धरते.

महाराष्ट्र सरकारने आणि तमिळनाडू सरकारने शेतमजूर आणि ऊसतोड बायकांना बाळंतपणानंतर तीन महिन्यांची पूर्ण मजुरी द्यावी, अशी माझी मागणी आहे. सरफोजींच्या छत्रात वाटेवरच्या अनोळखी बाईलाही तितके दिवस मिळत होते.