तेलावर तोललेली मोटार

५ ऑक्टोबर १९५५ रोजी पॅरिस येथील मोटार प्रदर्शनात सीत्रोएन या फ्रेंच कंपनीने आपली ‘डीएस’ ही मोटार प्रथम लोकांसमोर ठेवली आणि पहिल्याच दिवशी सुमारे १२,००० ग्राहकांनी तिची मागणी नोंदविली. ‘डी’ आणि ‘एस’ या अक्षरांचा फ्रेंच उच्चार एकत्र केला की ‘देवी’ या अर्थाचा शब्द ऐकू येतो. ही देवी इंजिन बंद केल्यावर हळूहळू खाली बसते आणि इंजिन सुरू होताच पुन्हा उठून उभी राहते. तिचे उत्पादन १९७५ साली थांबले. तथापि जतन केलेल्या गाड्यांच्या मालकांना आजही एक प्रश्न पडतो : उठून उभी राहिलेली गाडी नेमकी किती उंच असावी आणि ती उंची ठरवावी कशी?

या गाडीला पोलादी स्प्रिंगा नाहीत. प्रत्येक चाकामागे एक पोकळ पोलादी गोल असून रबरी पडद्याने त्याचे दोन भाग केलेले आहेत. एका भागात दाबाखालील नायट्रोजन वायू, दुसऱ्यात तेल. चाक खड्ड्यातून वर आले की दट्ट्या तेलाला गोलात ढकलतो, वायू आकसतो आणि धक्का तेथेच जिरतो. पॉल माजेस या तंत्रज्ञाने सिद्ध केलेली ही रचना १९५४ मध्ये सीत्रोएनच्याच एका जुन्या मोटारीच्या मागील चाकांवर प्रथम वापरण्यात आली होती. वाणिज्याच्या भाषेत सांगावयाचे तर नायट्रोजन हे भागभांडवल आणि तेल हे खेळते भांडवल होय. मागे तीन प्रवासी बसले, सामान ठेवले, की वायू आकसून गाडी खचते. मग पंप अधिक तेल पाठवून तिला पूर्वीच्या उंचीवर आणतो. प्रवासी उतरले की जादा तेल टाकीत परत जाते.

किती तेल द्यावे वा काढून घ्यावे, हा निर्णय उंची-नियंत्रक नावाची छोटी झडप घेते. पुढच्या दोन चाकांसाठी एक आणि मागच्या दोन चाकांसाठी एक, असे दोनच नियंत्रक गाडीत असतात. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याचा पीळ एका बारीक सळईमार्फत नियंत्रकापर्यंत पोहोचतो. सळई ज्या चिमट्याने दांड्यावर आवळलेली असते, तो चिमटा किंचित फिरविला की गाडीची ‘योग्य’ उंची बदलते. सारे समायोजन या चिमट्याशी येऊन थांबते. आसाच्या दोन्ही बाजूंना नियंत्रक एकच असल्यामुळे गाडी एका अंगाला कललेली असेल, तर त्याचा उपाय येथे शोधू नये.

कामाचा आरंभ मात्र चिमट्यापासून होत नाही. टायरमधील हवा प्रथम तपासावी, कारण उंची जमिनीपासून मोजावयाची असते. गाडी समपातळीवर, स्वतःच्या चाकांवर उभी हवी. जॅकवर उचललेल्या गाडीचे माप निरर्थक ठरते. म्हणून खड्डा किंवा चाकांखालून उचलणारा रॅम्प लागतो. चालकाजवळील उंचीची तरफ नेहमीच्या चालविण्याच्या स्थानी ठेवून इंजिन मंद गतीने चालू द्यावे.

आता गाडी हातांनी उचलून सोडावी. ती खाली येते, थोडी सावरते व स्थिरावते. ते माप लिहून घ्यावे. नंतर ती दाबून सोडावी आणि स्थिरावल्यावर पुन्हा मोजावे. दोन्ही मापे क्वचितच जुळतात. सांध्यांतील घर्षणामुळे गाडी वरून येताना थोडी वर थांबते व खालून येताना थोडी खाली. दोहोंची सरासरी हीच खरी उंची असून ती कार्यशाळा-पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावी. एकाच मापावर विसंबून चिमटा फिरविणारा कारागीर प्रत्यक्षात घर्षणच दुरुस्त करू पाहत असतो! पुढची उंची बदलली की मागची थोडी सरकते, म्हणून दोन्ही टोके पुन्हा एकदा मोजणे क्रमप्राप्त आहे.

येथे एक धोका आहे आणि तो जिवावरचा आहे. चिमटा चुकीच्या दिशेने फिरला, किंवा एखादी नळी सुटली, तर नियंत्रक वा गळती तेल सोडून देते आणि चाके जागीच असताना गाडीचे सारे अंग खाली येते. त्या वेळी कारागिराचा हात, कदाचित डोकेही, तिच्याखाली असते. यंत्रणेतील दाब सुमारे १५० बार वा त्याहून अधिक असतो. टायरमध्ये तो जेमतेम दोन बार असतो. चौकटीखाली भक्कम ठोकळे ठेवल्याशिवाय कोणीही आत शिरू नये, मग काम दोन मिनिटांचे का असेना.

पुष्कळदा तक्रार उंचीची नसतेच. गाडी दगडासारखी कडक चालते, म्हणून मालक चिमटा फिरवितो. दोष मात्र गोलातून वर्षानुवर्षे झिरपलेल्या नायट्रोजनचा असतो. वायू उणा झाला तरी नियंत्रक तेल भरून उंची बरोबर दाखवितो. ताळेबंद जुळलेला, पण भांडवल गेलेले! गोल पुन्हा भरणे किंवा बदलणे हाच त्यावर इलाज.

तेलाबाबतही तीच दक्षता हवी. सुरुवातीच्या गाड्यांत लाल रंगाचे कृत्रिम तेल असे. १९६६ च्या सुमारास बहुतेक देशांत हिरवे खनिज तेल आले. एकासाठी बनविलेले रबर दुसऱ्याच्या संपर्काने नासते. ब्रेक आणि स्टिअरिंगही याच तेलावर चालत असल्याने टाकीत चुकीचा डबा रिकामा झाला, तर हानी उंचीपुरती राहत नाही. टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी आतील तेलाचा रंग पाहावा, आणि समायोजन पुरे झाल्यावर थोडे अंतर गाडी चालवून दोन्ही टोकांची मापे पुन्हा घ्यावीत.