लापशीची शिल्पं

१९४०च्या उन्हाळ्यात ब्रिटनने आपल्या भूमीवरच्या हजारो जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुषांना ‘शत्रुदेशाचे नागरिक’ म्हणून डांबलं. त्यांतले कितीतरी जण हिटलरच्याच तावडीतून निसटून आलेले. आयल ऑफ मॅन बेटावर, डग्लस शहरात, सुट्टीला येणाऱ्यांच्या घरांभोवती काटेरी तारा लावून हचिन्सन छावणी उभारली गेली. जुलैमध्ये तिथे त्रेपन्न वर्षांचे कुर्ट श्विटर्स दाखल झाले.

श्विटर्स मूळचे हॅनोव्हरचे. कवी, कथाकार, चित्रकार आणि शिल्पकारही. १९१९च्या ‘आन ॲना ब्लूमे’ने त्यांना नाव मिळवून दिलं. फाटकी तिकिटं, चिंध्या, लाकडाचे ढलपे यांतून ते चित्रं रचत. राहत्या घरात तर त्यांनी प्लास्टर आणि लाकडाचं, खोल्याच्या खोल्या व्यापणारं शिल्प वर्षानुवर्षं वाढवलं. तोच त्यांचा ‘मर्झबाउ’. जानेवारी १९३७मध्ये ते नॉर्वेत मुलाकडे पळाले. त्याच वर्षी नाझींनी म्युनिकच्या ‘अधःपतित कला’ प्रदर्शनात त्यांची चित्रं टिंगलीसाठी टांगली. पत्नी हेल्मा घरदार सांभाळायला मागे राहिल्या. युद्ध पेटेपर्यंत अधूनमधून भेटीला येत. ऑस्लोजवळ लायसाकरला श्विटर्सनी नवा मर्झबाउ उभारायला घेतला. पण जर्मन फौजा नॉर्वेतही उतरल्या, आणि बर्फ फोडणाऱ्या एका जहाजातून ते स्कॉटलंडला पोचले.

छावणीत प्लास्टर कुठलं मिळणार? न्याहारीच्या ओटच्या लापशीची उरलीसुरली शितं गोळा करून त्यांनी माळ्यावर शिल्पं घडवली. ती ओलीच राहत, त्यांवर बुरशी चढे, दुर्गंधी सुटे. सहबंदी फ्रेड उलमान यांनी त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. मला या शिल्पांत विक्षिप्तपणापेक्षा भूक दिसते, हातांना काम हवं असण्याची भूक.

शिल्पकाराला साहित्य कुठेही सापडतं. लेखकाचं तसं नाही. ज्या भाषेत वाचक होते, त्याच भाषेच्या देशात त्यांच्या लेखनाला थारा उरला नव्हता. पण श्विटर्सपाशी एक कविता अशी होती की तिला कुठल्याच भाषेची गरज नव्हती. ‘उर्सोनाटे’ निव्वळ ध्वनींची आहे. संगीतातल्या सोनाटासारखी रचलेली, अनेक वर्षं घासूनपुसून १९३२मध्ये छापलेली. छावणीत ते ती मोठ्याने सादर करत. तारांआडच्या त्या वाचनाचं मोल मला छापील आवृत्तीहून अधिक वाटतं. पुढे ते इंग्रजीतही लिहू लागले.

नोव्हेंबर १९४१मध्ये सुटका झाली. ऑक्टोबर १९४३च्या बॉम्बहल्ल्यात हॅनोव्हरचा मर्झबाउ नष्ट झाला. पुढच्या वर्षी हेल्मा कॅन्सरने गेल्या. १९४५मध्ये श्विटर्स एडिथ थॉमस या सखीबरोबर लेक डिस्ट्रिक्टमधल्या ॲम्बलसाइडला आले आणि गावकऱ्यांची व्यक्तिचित्रं, डोंगर-तळ्यांची निसर्गचित्रं विकून पोट भरू लागले. या चित्रांना पोटापाण्याची म्हणून बाजूला सारणं मला अन्यायाचं वाटतं. माणसांचे चेहरे त्यांनी जीव लावून रंगवले आहेत.

१९४७मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडून एक हजार डॉलर मिळाले, ते जुन्या मर्झबाउसाठी. पण त्यांनी एल्टरवॉटरला, बंद पडलेल्या बारूद कारखान्याच्या जागेवरच्या दगडी कोठारात तिसऱ्यांदा काम मांडलं. प्रकृती ढासळत होती. एक भिंत तेवढी आकाराला आली. ८ जानेवारी १९४८ रोजी केंडलच्या इस्पितळात त्यांनी प्राण सोडला. ब्रिटिश नागरिकत्वाची मंजुरी आदल्याच दिवशी आली होती.

लायसाकरचं काम १९५१मध्ये आगीत भस्मसात झालं. एल्टरवॉटरच्या भिंतीची पडझड चालू होती. चित्रकार रिचर्ड हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने १९६५मध्ये ती अख्खी काढून न्यूकॅसलच्या हॅटन गॅलरीत नेऊन बसवली गेली. प्लास्टरमध्ये रुतलेले दगड, झारीचं तोंड, जुन्या चौकटीचा तुकडा तिथे आजही पाहता येतात.