थोडक्या पैशांत घराची शोभा

औसा तालुक्यातील जुन्या माळवदाच्या घरांत जाड दगडी भिंतींतले कोनाडे हीच सजावट असे. दिवा, आरसा, पितळेचा तांब्या तेथेच शोभे. खर्च काहीच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या ह्याच भिंती, माळवदाच्या ओझ्यासह, झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. पुनर्वसनाच्या घरांत भिंती पातळ, कोनाडे नाहीत. म्हणून काही महागडे शोकेस आणावयास नको. चुन्यात थोडी नीळ घालून भिंती रंगवाव्यात, पांढरेपणा खुलतो. जुन्या लुगड्यांची वाकळ पेटीवर अंथरली की झाली बैठक! फळी मात्र उशापासून दूर, कमरेच्या उंचीवर ठोकावी. तांब्या, पुस्तके तिच्यावर. जड तसबिरी अंथरुणावर टांगू नयेत.